वाचकांचे प्रश्न : मुठीत घट्ट, तळहातावर पातळ

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की कॉर्नफ्लोअर आणि पाण्याच्या मिश्रणाबद्दल विचारणा सुरू होते. मूठ आवळली की कोरडा गोळा आणि सोडली की बोटांमधून ओघळणारा द्रव, असं हे मिश्रण. त्याच्याशी नातं सांगणाऱ्या इतर पदार्थांबद्दलही काहींनी विचारलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कॉर्नफ्लोअर आणि पाण्याचं नेमकं प्रमाण काय घ्यायचं? कुठे दोन वाट्यांना एक वाटी पाणी सांगतात, कुठे दीड वाटीला एक. आमचं मिश्रण कधी ताकासारखं होतं, तर कधी त्याची भुकटीच राहते. — शिक्षिका, कराड

वाटी बाजूला ठेवा आणि तराजू घ्या. ५०० ग्रॅम कॉर्नफ्लोअरला ४०० मिलिलिटर पाणी, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण ५५ टक्के पीठ. वाटीने मोजण्यात गोची अशी, की अलगद भरलेल्या वाटीत आणि ठोकून भरलेल्या वाटीत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. भजीच्या पिठात असा फरक चालून जातो, इथे नाही. पीठ ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर ढवळताना किंचित जड लागणारं दूध मिळतं. ५८-६० च्या वर गेलं तर मिश्रण वाहतच नाही, नुसतं तुकडे पडून फुटतं. हवा तो खेळ मधल्या चार-पाच टक्क्यांत आहे.

त्यात भर हवेतल्या ओलाव्याची. कॉर्नफ्लोअर कोरडं दिसलं तरी त्यात मुळातच १० ते १३ टक्के पाणी असतं आणि पावसाळ्यात उघड्या डब्यात ते आणखी वाढतं. १२ टक्के ओलावा असलेल्या ५०० ग्रॅम पिठात ६० ग्रॅम पाणी आहे. तोच ओलावा १६ टक्के झाला तर ८० ग्रॅम. ही वरची २० ग्रॅम तुमच्या मापात दिसत नाहीत, पण मिश्रण पातळ मात्र करतात. म्हणून ४०० मिली हा आकडा शेवटचा समजू नका. ३८० मिलीपासून सुरुवात करा आणि पुढचं पाणी चमच्याने घाला.

कृती अशी. पसरट भांड्यात आधी पाणी घ्या, नळाचं, साधं. पीठ तीन-चार वेळा थोडं थोडं वरून पसरून घाला आणि हाताने तळापासून, अगदी सावकाश वर ओढत मिसळा. उलट केलंत, म्हणजे पिठात पाणी ओतलंत, तर तळाशी कोरड्या गाठी राहतात आणि त्या फोडायला जोर लावावा तर मिश्रण आणखी अडून बसतं. मिसळून झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. हवेचे बुडबुडे वर येतात, कण पुरते भिजतात. मग तळातून पुन्हा एकदा हळू ढवळून पाहा. बोट सावकाश सोडलं तर तळापर्यंत जायला हवं. तेच बोट झटक्यात वर ओढलं तर भांडंही थोडं उचललं जायला हवं. पृष्ठभागावर बुक्की मारली तर शिंतोडा न उडता तिथली चकाकी क्षणभर जाऊन परत यायला हवी. चकाकी परतलीच नाही तर पाणी कमी आहे, एक चमचा घाला. शिंतोडे उडाले तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी घाईने आणखी पीठ घालू नका, गाठी होतील. अर्धा तास न हलवता ठेवा आणि वर आलेलं निवळ पाणी चमच्याने काढून टाका. हा उपाय जवळजवळ नेहमी लागू पडतो.

मार बसला की कणांमधलं पाणी बाहेर पडतं आणि म्हणून मिश्रण घट्ट होतं, असं वाचलं. हे खरं का? आणि यात काही रासायनिक अभिक्रिया होते का? — अकरावीचा विद्यार्थी, नांदेड

अभिक्रिया काहीच होत नाही. मक्याच्या पिष्टाचे ५ ते २० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत राहतात. शंभर वेळा घट्ट करा, सोडा, पदार्थ तोच.

पाणी बाहेर पडण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो. हळू ढवळलं तर कण या पडद्यावरून एकमेकांशेजारून सरकतात आणि पडदा वंगणाचं काम करतो. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पडदा तुटतो आणि कण थेट एकमेकांना टेकतात. आता मध्ये आलं घर्षण. टेकलेल्या कणांच्या साखळ्या भांड्याच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पोचल्या की सगळंच अडकतं. पुष्कळ वर्षं या घट्टपणाचं श्रेय फक्त पाण्याच्या प्रवाहाला दिलं जात होतं. सेतो, मारी, मॉरिस आणि डेन या संशोधकांनी २०१३ मध्ये संगणकावर अशी निलंबनं (द्रवात कण तरंगणारी मिश्रणं) घडवली, तेव्हा कणांमधलं घर्षण गणितात धरल्यावरच प्रयोगात दिसते तशी घट्टपणाची एकदम उडी त्यात दिसली. पुढच्याच वर्षी व्यार्त आणि केट्स यांनी त्याचा सुटसुटीत सिद्धान्त मांडला.

दुसरा धागा याहून जुना आहे. डब्यात तांदूळ ठोकून भरले की दाणे दाटीने बसतात. मग आत हात घालून ते हलवायचे तर त्यांना थोडी जास्त जागा लागते, दाटीतून बाहेर आल्याशिवाय ते एकमेकांवरून जाऊच शकत नाहीत. ऑस्बोर्न रेनल्ड्सने १८८५ मध्ये हे दाखवून दिलं. कोकणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय ठेवला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ती याचमुळे: दाण्यांमधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. कॉर्नफ्लोअरची चकाकी जाते तेव्हाही हेच घडतं. पृष्ठभागावरचं पाणी आत गेलं की कण बाहेर डोकावतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना परत आत दाबतो. म्हणजे पाणी 'बाहेर पडतं' म्हणण्यापेक्षा पृष्ठभागावरून आत शोषलं जातं, हे म्हणणं जास्त बरोबर.

या मिश्रणावरून धावणारा माणूस बुडत का नाही, याचं उत्तर मात्र एवढ्याने मिळत नव्हतं. २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठात वायतुकाइटिस आणि येगर यांनी मिश्रणावर धातूची कांडी आदळून आत काय होतं ते अतिवेगवान कॅमेरा आणि क्ष-किरण वापरून पाहिलं. कांडीच्या खाली घट्ट झालेल्या मिश्रणाचा खुंट तयार होतो, तो खाली आणि बाजूंना पसरत जातो आणि भोवतीचा पुष्कळ द्रव आपल्याबरोबर ओढतो. एवढं वस्तुमान अचानक हलवावं लागल्याने कांडी थांबते.

कुरडईसाठी गव्हाचा चीक काढताना वरचं पाणी ओतून दिलं की खालचा पांढरा थर टोचून पाहिला तर दगडासारखा लागतो, आणि पातेलं कलतं केलं की हळूहळू वाहतो. हे तेच का? तांदळाची पिठी, मैदा, तवकील यांचंही असं होतं का? — गृहिणी, रत्नागिरी

तंतोतंत तेच. किंबहुना महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवून, वाटून, चोथा गाळून काढला की दुधासारखं पाणी उरतं आणि त्यातलं पिष्ट तळाशी बसतं. गव्हाच्या पिष्टात दोन जातींचे कण असतात: २० ते ३५ मायक्रॉनचे चपटे मोठे आणि २ ते १० मायक्रॉनचे बारीक गोल. मोठ्यांच्या फटीत बारीक जाऊन बसतात, त्यामुळे थर फार दाट जमतो. कण पाण्याच्या दीडपट जड असल्याने हे आपोआप होतं, तुम्हाला प्रमाण जुळवावं लागत नाही. म्हणूनच हा थर पळीने ढवळायला गेलं तर पळी वाकेल, पण थर हलणार नाही. पातेलं कलतं ठेवा, कडेने बोटं सावकाश सरकवा, चमचा-दोन चमचे पाणी घाला. मिनिटभरात सगळा सुटतो.

पुढची गंमत चीक शिजवताना आहे. उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात चीक धारेने सोडला आणि तो साठ अंशांच्या आसपास तापला की कण पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात, काही फुटतात. घर्षण करायला कठीण कणच उरले नाहीत. उरते फुगलेल्या मऊ कणांची खळ आणि तिचा स्वभाव आधीच्या अगदी उलटा. सोऱ्यातून दाबलं की वाहते, प्लॅस्टिकच्या कागदावर पडली की वळण धरून तशीच राहते. म्हणजे एकाच गव्हाचं पिष्ट आधी ताणाखाली घट्ट होत होतं आणि शिजल्यावर ताणाखाली पातळ होतं. कुरडईच्या तारा पसरतात तेव्हा बहुतेक वेळा चीक पुरता शिजलेला नसतो किंवा त्यात पाणी जास्त पडलेलं असतं. दोन्हींत ताण सुटल्यावर आकार धरून ठेवण्याची ताकद कमी पडते.

आता बाकीची पिठं. बटाट्याचं सत्त्व उत्तम चालतं. त्याचे कण मोठे असल्याने ते लवकर तळाशी बसतं, तेवढं सतत ढवळत राहायचं. टॅपिओका स्टार्च चालतो. तवकिलीचंही जमतं, पण ती महाग, आणि दुकानात 'आरारूट' म्हणून मिळणारी पुडी पुष्कळदा मक्याचं किंवा टॅपिओकाचंच पिष्ट असते, तेव्हा सरळ कॉर्नफ्लोअर घ्या. कस्टर्ड पावडर चालते, कारण ती बहुतांशी कॉर्नफ्लोअरच आहे. रंग मात्र हाताला लागतो.

मैदा चालत नाही. त्यातलं ग्लुटेन जाळं विणतं आणि कणिक तयार होते. तांदळाच्या पिठीत पिष्टाचे कण सुटे नसतात, प्रथिनात अडकलेले वेडेवाकडे तुकडे असतात आणि ते पाणीही शोषतात. त्यामुळे थोडा जडपणा येतो, पण तो खटका येत नाही. आणि भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ अजिबात नको. शाळांमधले निम्मे प्रयोग फसतात ते 'मक्याचं पीठ' म्हणून हे आणल्याने. हवं ते पांढरं, चिमटीत दाबलं की करकरणारं कॉर्नफ्लोअर.

मुलं खेळतात ते स्लाइम म्हणजे हाच प्रकार का? घरी करायचं तर त्यात काय काय असतं आणि ते सुरक्षित आहे का? — पालक, ठाणे

प्रकार वेगळा आहे. कॉर्नफ्लोअरमध्ये सुटे कण असतात, स्लाइममध्ये लांबच लांब रेणूंच्या दोऱ्या. पांढऱ्या डिंकात (फेव्हिकॉलच्या जातीच्या) पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आणि त्याला पाण्यात धरून ठेवणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात विरघळला की बोरेटचे आयन मिळतात आणि ते या दोऱ्यांना एकमेकींशी गाठी मारतात. गाठी कच्च्या असतात, सतत सुटतात आणि नव्याने बसतात. हळू ओढलं तर गाठींना सुटायला वेळ मिळतो, म्हणून स्लाइम लांबतं. झटका दिला तर तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून ते कचकन तुटतं. फरक ओळखायची खूण सोपी: स्लाइमचा गोळा थोडा उसळतो, कॉर्नफ्लोअरचा उसळत नाही. दोऱ्या ताणाची ऊर्जा परत देतात, अडकलेले कण ती घर्षणात घालवतात.

प्रमाण: १०० मिली पांढरा डिंक आणि १०० मिली पाणी एकजीव करा. वेगळ्या भांड्यात १०० मिली कोमट पाण्यात ४ ग्रॅम टाकणखार विरघळवा. याहून जास्त घातलात तर गार झाल्यावर तळाशी खडे धरतात. हे पाणी डिंकात पाच-पाच मिली घालत ढवळा. साधारण २० ते ३० मिलीत गोळा भांडं सोडतो. तिथेच थांबा. जास्त झालं तर स्लाइम रबरासारखं ताठ होतं आणि पाणी सोडू लागतं. हातांना चिकटत असेल तर टाकणखाराचं पाणी कमी पडलंय.

काष्ठौषधींच्या दुकानात टाकणखाराची लाही मिळते. तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि वजनाने खडा टाकणखार जवळजवळ निम्मा पाणीच असतो. तेव्हा लाही असेल तर ४ ऐवजी २ ते अडीच ग्रॅम घ्या. कागद चिकटवायचा पिवळसर गोंद यासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो, त्यात लागतात ते रेणू नसतात.

स्लाइमवर लिंबू पिळलं तर ते वितळतं, कारण आम्लात बोरेटचं बोरिक ॲसिड होतं आणि गाठी सुटतात. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला की परत घट्ट होतं. प्रदर्शनात दाखवायला हा प्रयोग नुसत्या स्लाइमपेक्षा बरा.

सुरक्षिततेबद्दल हात राखून बोलण्यात अर्थ नाही. टाकणखार पोटात जाता कामा नये. युरोपीय संघाने बोरेटं प्रजननक्षमतेला घातक पदार्थांच्या वर्गात टाकली आहेत. भुकटी मोठ्यांनी हाताळावी, हातमोजे घालून. मुलांच्या हाती तयार गोळाच द्यावा, खेळून झालं की हात धुवायचे, हाताला जखम असेल तर खेळायचं नाही. तोंडात वस्तू घालणारं मूल घरात असेल तर स्लाइमचा नाद सोडा आणि कॉर्नफ्लोअर द्या.

गुडघ्याच्या पॅडमध्ये, हेल्मेटमध्ये आणि बुलेटप्रूफ जाकिटात असा द्रव भरतात म्हणे. तो कॉर्नफ्लोअरचाच असतो का? — वाचक, इचलकरंजी

नाही. कॉर्नफ्लोअरचं पाणी सुकतं, कण तळाशी बसतात, दोन दिवसांत आंबतं. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅगनर आणि तिथल्या लष्कराच्या प्रयोगशाळेने २००३ च्या सुमारास केव्हलार या अतिमजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडात द्रव मुरवला तो सिलिकाचे अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक कण आणि एथिलीन ग्लायकॉल यांचा. कण इतके बारीक की ते लवकर खाली बसत नाहीत आणि ग्लायकॉल सहज उडून जात नाही. हा द्रव एकटा गोळी अडवत नाही. तो कापडातले धागे एकमेकांवरून सरकू देत नाही, त्यामुळे गोळीचा किंवा टोच्याचा जोर जास्त धाग्यांवर वाटला जातो.

पॅडमधला मऊ पदार्थ बहुधा दुसऱ्या घराण्यातला असतो, सिलिकॉन आणि बोरॉनच्या जोडणीचा. १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या न्यू हेवन इथल्या प्रयोगशाळेत जेम्स राइट सिलिकॉन तेलात बोरिक ॲसिड घालून कृत्रिम रबर करू पाहत होते. रबर जमलं नाही, पण उसळणारा आणि ठेवला तर पसरणारा गोळा मिळाला. तोच पुढे सिली पुटी नावाचं खेळणं म्हणून विकला गेला. त्यात सुमारे ६५ टक्के बोरिक ॲसिडने जोडलेलं सिलिकॉन, १७ टक्के सिलिका आणि ९ टक्के एरंडेलापासून केलेला घट्ट करणारा पदार्थ असतो. बाकी थोडं सिलिकॉन तेल, ग्लिसरीन आणि रंगापुरतं टायटॅनियम डायऑक्साइड. काम स्लाइमसारखंच, पण पाणी नसल्याने सुकत नाही. हे घरी करू नका.

विज्ञान प्रदर्शनात मुलांना या मिश्रणावरून चालवायचं आहे. किती साहित्य लागेल? — मुख्याध्यापक, जुन्नर

५० किलोच्या एका पोत्यात भागतं. ५० किलो पीठ आणि ४० लिटर पाणी मिळून ९० किलो होतात. या मिश्रणाचं एक लिटर साधारण १.२२ किलोचं, म्हणजे सुमारे ७४ लिटर. १.२ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद ट्रेमध्ये ते १२ सेंटिमीटर खोल भरतं. यापेक्षा खोल करण्याचा मोह टाळा. उथळ ट्रेमध्ये पायाखाली घट्ट झालेला खुंट तळाला टेकतो आणि आधार मिळतो. शिवाय कोणी रुतलं तर घोट्याच्या थोडंच वर रुततं. पोतं घेताना साधा मक्याचा स्टार्च, खाद्य दर्जाचा, असं सांगा. आधीच शिजवून वाळवलेला स्टार्चही बाजारात असतो. तो थंड पाण्यातच फुगतो आणि लापशी होते.

सगळं ट्रेमध्ये एकदम मिसळायला जाऊ नका. बादलीत ५ किलो पीठ आणि ४ लिटर पाणी, अशा दहा बादल्या करून ओता. ड्रिलला लावलेलं मिक्सरचं पातं वापरलं तर ते अडकतं आणि मोटर जळते. हात किंवा लाकडी फळी, आणि सावकाश. पहिल्या दोन बादल्यांवरून पाण्याचा अंदाज येतो, पुढच्या त्याप्रमाणे करा.

मुलांना आधी सांगायचं ते हे: थांबायचं नाही, पाय पटपट आणि सपाट टाकायचे. थांबलं की दोन-तीन सेकंदांत पाय जायला लागतो. रुतलेला पाय झटक्याने ओढायचा नाही. झटक्याने मिश्रण घट्ट होऊन घोटा पिरगळतो. टाच हळू हलवत वर घ्यायची. भोवती ताडपत्री आणि तिच्यावर गोणपाट टाका, कारण बाहेर सांडलेलं मिश्रण फरशीवर भयंकर निसरडं होतं. अर्ध्या तासाच्या विश्रांतीत तळाशी घट्ट थर बसतो आणि वर पाणी राहतं. त्यावर पहिला जो जाईल तो शिंतोडे उडवत थेट खाली. दर वेळी सुरू करण्यापूर्वी तळ उपसून ढवळा. उन्हात ठेवलंत तर दुपारपर्यंत लिटर-दोन लिटर पाणी पुन्हा घालावं लागेल.

स्पीकरवर हे मिश्रण 'नाचवण्या'बद्दलही दोघांनी विचारलं आहे. आठ इंची वूफर, त्यावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म सैल पसरून कडेने चिकटवलेली, सेंटिमीटरभर मिश्रण आणि फोनवरून ३० ते ६० हर्ट्झचा एकसुरी आवाज. आवाज शून्यापासून वाढवत न्या. मिश्रण नेहमीपेक्षा किंचित पातळ हवं. फिल्म फाटली तर वूफर गेला, तेव्हा जुनाच घ्या. २००४ मध्ये टेक्सास विद्यापीठात अशाच हादऱ्यांखाली फुंकर मारून पाडलेली भोकं न बुजता तशीच टिकलेली दिसली होती. घरी ती क्वचित जमतात, बोटांसारखे वर येणारे खांब मात्र नक्की दिसतात.

हा द्रव न्यूटनच्या नियमाप्रमाणे वागत नाही हे आकड्यांनी दाखवायचं आहे. प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र आमच्याकडे नाही. — बारावीची विद्यार्थिनी, सांगली

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेलं गृहीतक असं, की द्रवाचे थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतात तितक्याच प्रमाणात त्यांचा विरोध असतो. जोर दुप्पट तर वेग दुप्पट. पाणी, एरंडेल, साखरेचा पाक हे पाळतात. तेवढंच तपासायचं आहे.

६ मिलिमीटरची सळई दोन बेअरिंगांमध्ये उभी बसवा. खालच्या टोकाला ३ बाय ३ सेंटिमीटरची पातळ पत्र्याची पट्टी, वर दोऱ्याचं रीळ. रिळाला गुंडाळलेला दोरा कप्पीवरून नेऊन खाली वजन टांगा. पट्टी अर्धा लिटर द्रवात पूर्ण बुडलेली हवी, भांड्याच्या भिंतीपासून किमान २ सेंटिमीटर लांब. वजन ५० सेंटिमीटर खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजा. आधी रिकाम्या हवेत सळई जेमतेम फिरते ते वजन शोधा. ते घर्षणाचं, प्रत्येक वाचनातून वजा करायचं. मग उरलेलं वजन २०, ४०, ८०, १६० ग्रॅम असं वाढवत न्या.

आधी एरंडेलावर करा. वजन दुप्पट केलं की वेळ साधारण निम्मा येईल. मग कॉर्नफ्लोअर. सुरुवातीच्या हलक्या वजनांना वेग वाढतो आणि पुढे एका टप्प्यावर वजन दुप्पट केलं तरी वेग जवळजवळ तिथेच अडतो, सळई थोडी कचरत, थांबत फिरते. आलेख अडतो ती जागा हेच तुमचं उत्तर. ५०, ५३ आणि ५५ टक्के अशी तीन मिश्रणं केलीत तर घट्ट मिश्रणात ही जागा कमी वेगावर येते हेही दिसेल. दर वाचनापूर्वी ढवळा आणि दोन मिनिटांच्या आत वाचन घ्या, नाहीतर पिष्ट खाली बसून आकडे बिघडतात. प्रयोगशाळेत हे टाळायला पाण्यात सीझियम क्लोराइड विरघळवून ते कणांइतकंच जड करतात. शाळेला ते परवडणारं नाही आणि गरजही नाही.

टोमॅटो सॉस बाटली हलवल्यावर सुटतो, तोही असाच का? आणि डांबर? — वाचक, पणजी

सॉस उलटा: हलवलं की पातळ. रंग आणि टूथपेस्टही त्याच बाजूला. किनाऱ्यावरची रुतवणारी रेतीही उलटीच. पाय हलवला की ती पातळ होते आणि मग खाली बसलेली वाळू पायाभोवती घट्ट आवळते. तिची घनता माणसाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने माणूस त्यात कमरेपलीकडे बुडत नाही, हे डच संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं. खरा धोका भरतीच्या पाण्याचा.

डांबराच्या जातीचं पिच हातोड्याने काचेसारखं फुटतं आणि वर्षानुवर्षं ठेवलं तर वाहतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये मांडलेल्या प्रयोगात नरसाळ्यातून आजवर मोजके नऊ थेंब खाली आले आहेत, नववा २०१४ मध्ये. तिथे कण अडकण्याचा प्रश्न नाही. द्रवच इतका घट्ट आहे की त्याला वाहायला वेळ लागतो.

खेळ झाल्यावर उरलेलं मिश्रण टाकायचं कुठे? आमच्या बेसिनचा पाइप तुंबला आहे. — वाचक, चिंचवड

बेसिनमध्ये तर मुळीच नाही. पाइपच्या वळणात पिष्ट खाली बसतं आणि तिथे जमलेला थर पंपाने झटके दिले की आणखी घट्ट होतो. मिश्रण जुन्या चादरीवर किंवा कागदावर पातळ पसरून उन्हात वाळवा, चुरून चाळा आणि 'प्रयोगासाठी, खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. पुढच्या वेळी तेच वापरता येतं. ओलं ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये, झाकून, तीन-चार दिवस. बाहेर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो. वास आला किंवा वर गुलाबी-काळे ठिपके दिसले तर वाळवण्याच्या भानगडीत न पडता ओल्या कचऱ्यात टाका.

तुंबलेल्या पाइपात गरम पाणी ओतू नका. सत्तर अंशांच्या पाण्याने आतल्या पिष्टाची खळ होईल आणि पाइप चिकटून बसेल. खाली बादली ठेवून वळणाचा नट उघडा, थर बोटाने किंवा काठीने हळूहळू सुटा करा आणि गार पाण्याने धुवा. नट उघडत नसेल तर बेसिनमध्ये गार पाणी भरून ठेवा, लवचीक तार घालून सावकाश फिरवत राहा आणि दर थोड्या वेळाने पाणी बदला.